मनातला विषय

जीवराम सोनवणे याच्याकडे दोन वस्तू मागितल्याबरोबर मिळत, एक तपकीर आणि दुसरा धीर. तपकीर तो चिमटीनं मोजून द्यायचा, धीर मात्र ओंजळ भरभरून. त्याची बायको प्रमिलाबाई म्हणायची, तपकिरीला पैसे पडतात ना, म्हणून.

माणूस मूळचा शिंदखेड्याकडचा. बाप तिथंच ख्रिस्ती झाला आणि मुलाला प्रार्थना शिकवून देवाघरी गेला. जीवराम तरुणपणी जळगावला आला, एका डाळमिलमध्ये पोती उचलायला लागला आणि पन्नाशीच्या आत मुकादम झाला. पिंप्राळ्यात भाड्याच्या दोन खोल्या, एकुलती मुलगी करुणा, रविवारी परीटघडीचा पांढरा सदरा. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्या मंडळीचा तो पंच होता आणि गरजूंच्या मदतपेटीची किल्ली त्याच्या जानव्याच्या जागी, म्हणजे गळ्यातल्या दोऱ्यात, असायची. हा विनोद त्याचाच. तो प्रत्येक नव्या पाळकांना, म्हणजे पाद्रींना, ऐकवायचा.

मंडळीत कुणी पैशाच्या अडचणीत सापडला की सरळ जीवरामकडे यायचा. जीवराम त्याला बसवायचा, पाणी द्यायचा आणि पाखरांवर यायचा. पाखरं नांगर धरत नाहीत, कोठार बांधत नाहीत, तरी त्यांच्या चोचीत दाणा पडतोच ना? मग तू तर माणूस. चिंता करणं म्हणजे देवाच्या हिशोबावर शंका घेणं. एवढं झालं की डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना. ऐकणाऱ्याला खरोखर बरं वाटायचं, निदान गल्लीच्या टोकापर्यंत तरी. लोटन नावाचा रिक्षावाला एकदा असाच आला होता. रिक्षेचे हप्ते थकले होते आणि फायनान्सवाले गाडी ओढून न्यायची भाषा करत होते. लोटनला पेटीतून थोडी मदत हवी होती. त्याला पाखरं मिळाली. पेटी उघडली नाही, कारण जीवरामचं मत असं की ऐन अडचणीत पैसा हातात दिला तर माणसाचा विश्वास पिकत नाही. प्रमिलाबाई आतून म्हणाली होती, देवाच्या वतीनं बोलायला तुमचं काय जातं, तुमचा पगार तर शेठ देतो. जीवराम हसला होता. पगार खरंच शेठ देत होता.

मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असे. दोन गाणी, थोडं वाचन, मग पाळक विचारायचे, कुणाचे काही विषय? विषय म्हणजे ज्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करायची ती गोष्ट. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची म्हैस. पण एखादी गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नसली तर माणूस खाली मान घालून एवढंच म्हणायचा, ‘मनातला विषय.’ मग कुणी काही विचारायचं नाही. देवाला माहीत आहे असं समजून सगळ्यांनी त्यासाठीही प्रार्थना करायची. पद्धत चांगली होती. फक्त माणसाच्या डोक्याला कुलूप घालता येत नाही. तोंडानं आमेन म्हणत असताना आत प्रत्येकाचा तर्क चालूच असायचा. जीवरामला हा प्रकार आवडत नसे. मंडळी एक कुटुंब आहे, कुटुंबात लपवाछपवी कसली, असं तो स्वतः सांगायचा.

आणि १९८८च्या दिवाळीनंतर शेठच्या दोन मुलांच्या वाटण्या झाल्या. मिल दोघांच्याही वाट्याला पूर्ण आली नाही, म्हणून दोघांनीही ती बंद ठेवली. श्रीमंतांचं रुसणं महाग असतं, पण बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. हमाल इकडे तिकडे गेले. मुकादमाला कुणी विचारेना, कारण हमाल सगळ्यांना लागतात, मुकादम प्रत्येकाचा आपापला असतो.

घरी त्यानं त्याच रात्री सांगितलं. प्रमिलाबाई म्हणाली, बुधवारी सांगून टाका. मंडळीत चार माणसं चार ठिकाणी कामाला आहेत, कुठं ना कुठं चिकटवतील. जीवराम एकदम तडकला. मी? मी सांगू? ज्यानं आयुष्यभर लोकांना चिंता करू नका म्हणून सांगितलं, त्यानं आता हात पसरायचा? लोटनसमोर? त्यानं बायकोला आणि मुलीला बजावलं, ही गोष्ट या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. कुणी काही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. ‘माझी एवढी लाज राखा,’ असं तो म्हणाला. करुणानं मान हलवली. ती मुळात कमी बोलणारी पोर, तिनं मान हलवली म्हणजे स्टॅंपपेपरवर सही झाली असं समजायचं.

मग जीवरामनं जुने कपडे पिशवीत घातले आणि पहाटेच्या पॅसेंजरनं रावेर गाठलं. तिकडे केळीच्या वॅगनी भरायला माणसं लागत आणि तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. मंडळीत त्यानं सांगितलं, मिल बंद झाली तरी शेठनं तिकडे नवीन काम काढलंय, जावं लागतं. आठवड्यातून तीन-चार दिवस काम मिळे, कधी एकच दिवस. ज्या पाठीनं पंधरा वर्षं पोतं पाहिलं नव्हतं, ती पाठ आता घड वाहत होती. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. ते कपडे प्रमिलाबाई घरात वाळत घालायची, दोरीवर शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून. रविवारचा सदरा मात्र पांढराच राहिला.

पहिल्याच बुधवारी पाळकांनी विषय विचारले तेव्हा जीवरामच्या तोंडून निघून गेलं, ‘मनातला विषय.’ त्याला वाटलं, यात खोटं काही नाही. देवापासून लपवलं नाही, म्हणजे झालं. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. नाताळ आला, गेला. जीवरामभाऊंचा मनातला विषय काही सुटेना.

आता लोटनसारख्याचा मनातला विषय असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण पंचाच्या मनात विषय! मंडळीत बेबाबाई नावाची एक बाई होती. स्वभावानं वाईट नव्हे, आजाऱ्याच्या घरी सगळ्यात आधी भाकरी घेऊन जाणारी तीच. पण तिला न कळलेली गोष्ट पचत नसे. आधी तिनं ठरवलं, प्रमिलाबाईला मोठं दुखणं असणार. पण प्रमिलाबाई बाजारातून ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन येताना दिसली, तेव्हा तो तर्क पडला. मग राहिलं कोण?

त्याच सुमारास करुणाचं लग्न ठरलं होतं. मुलगा धुळ्याचा, सुमंत, एका शाळेत कारकून. वडील पितांबर गुरुजी, आई मंजुळाबाई. माणसं साधी, देण्याघेण्याची बोलणी त्यांनी काढूच दिली नव्हती. लग्न मे महिन्यात. त्याआधी चर्चमध्ये ओळीनं तीन रविवार वर-वधूची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात, तशी एप्रिलमध्ये वाचायची होती.

आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, घोळ झाला. त्या दिवशी दुपारी तीन तासांची उपासना असते आणि पुष्कळ जण उपास करतात. इतरांचा उपास एका दिवसाचा होता. जीवरामच्या घरी जेवणाची ओढाताण नाताळापासूनच चालली होती आणि त्यात करुणा आपल्या ताटातली अर्धी भाकरी बापाच्या डब्यात सरकवत होती, कारण घड उचलायचे तर पोटात काही हवं. चौथं गाणं सुरू असताना ती उभ्याउभ्या कोसळली. बायकांनी तिला बाहेर नेलं, तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी कांदा हुंगवला. ती दोन मिनिटांत उठून बसली. पण बेबाबाईनं कांदा पाहिला आणि तिला सगळं कळलं. पोरीला फिट येते. हाच तो विषय. बिचारे आईबाप लपवताहेत, लग्न ठरलंय ना!

तिनं हे फक्त दोघींना सांगितलं, तेही त्यांनी प्रार्थना करावी म्हणून.

जीवरामला यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक आपल्याशी जरा जास्तच गोड बोलतात, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं, आणि तो मनात म्हणाला होता, बघा, अजून मान आहे. एप्रिलच्या मधल्या एका संध्याकाळी तो स्टेशनवरून पायी येत होता, काखेत डागाळलेल्या कपड्यांची पिशवी. मागून रिक्षा आली आणि लोटननं त्याला हाक मारून आत बसवलं. थोडं पुढं जाऊन त्यानं रिक्षा एका लिंबाखाली उभी केली, पण मागे वळला नाही. हँडलकडे बघतच बोलला.

“भाऊ, रागे भरू नका. तुमना मनातला इषय काय शे ते माले माहीत नही, नि माले जाननं बी नही. पन लोके म्हनतस, तुमनी पोरले फिट येस. धुळ्यापावत गई ती गोट.”

“कोन म्हनस?”

“बठ्ठा म्हनतस, भाऊ. आखी मंडळी.”

जीवरामनं पिशवी छातीशी धरली. लोटननं त्याला घरापर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. ज्या माणसाला आपण पाखरांची गोष्ट सांगून परत पाठवलं, त्याच्या रिक्षेत फुकट बसून आपण घरी आलो, हे जीवरामला त्या वेळी सुचलंही नाही. त्याच्या डोक्यात फक्त करुणा होती. एप्रिल अर्धा गेला तरी नावं वाचायचं धुळ्याहून काही कळवलं नव्हतं, त्याचा अर्थ त्याला आता लागला.

दुसऱ्या दिवशी रावेरला न जाता त्यानं पांढरा सदरा घातला आणि एसटी धरली. एरंडोल, पारोळा, धुळे. वाटेत तो गुरुजींना काय सुनवायचं ते जुळवत होता. पोरीच्या नावाला बट्टा लावता? एका बाईच्या बोलण्यावर? तो चांगलाच चिडला होता, आणि चिडलेल्या माणसाला लाज वाटत नाही. तेवढा प्रवास त्याला बरा गेला.

गुरुजींनी ख्रिस्ती रिवाजानं सलाम केला, बसवलं. मंजुळाबाईनं चहा आणला आणि आत न जाता दारातच उभी राहिली. जीवरामनं जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. तो थांबल्यावर गुरुजी म्हणाले, भाऊ, आम्ही ऐकीव गोष्टीवर गेलो नाही. ईस्टरला आम्ही तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? तेव्हा चर्चच्या आवारात हे कानावर आलं, म्हणून हिनं करुणाला बाजूला घेऊन विचारलं होतं.

मंजुळाबाई म्हणाली, “मी तिचा हात धरून विचारलं. म्हटलं, बाई, तुझ्या घरचा मनातला विषय तुझा आहे का? नाही म्हण, मी कुणाचं ऐकणार नाही. तर ती म्हणाली, माझाच आहे. पुढं काही बोलली नाही.”

जीवरामला आधी ते कळलंच नाही. मग कळलं. नाही म्हणायचं तर पुढचा प्रश्न तयार होता, मग तू पडलीस कशानं, मग विषय आहे तरी कुणाचा? आणि त्याचं उत्तर द्यायला बापानं बंदी घातली होती. पोरीनं बापाची लाज राखली. त्यानं मागितली होती, तिनं दिली, आणि बदल्यात काय गेलं ते सांगितलंसुद्धा नाही. त्याच ईस्टरला, पाहुणे गेल्यावर, तिनं भांडी घासली होती आणि जीवरामनं तिला म्हटलं होतं, आज माणसं खूश दिसली.

मिल सुटली तेव्हा, घड वाहताना, डागाळलेले कपडे लपवताना जी लाज त्याला वाटली होती ती सगळी खोटी होती, नुसता तोरा होता. खरी लाज काय असते ते त्याला धुळ्यात, दुसऱ्याच्या कपातला चहा हातात घेऊन समजलं.

“विषय माझा होता, गुरुजी,” तो म्हणाला. “मिल बंद पडली. दिवाळीपासून मी रावेरला केळीच्या वॅगनी भरतो. पोरीला कसलं दुखणं नाही. त्या दिवशी ती जेवलेली नव्हती.”

गुरुजींनी विचारलं, “एवढंच होतं?”

“एवढंच.”

“अहो, माझ्या बापानं लोकांच्या विहिरी खोदल्या. मी तुमच्याकडे काय मागितलं होतं?” गुरुजींचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. ते म्हणाले, तुम्ही मुद्दाम लपवताय असं समजून आम्ही तुम्हाला न कळवताच नवापूरच्या मुलीला शब्द दिला. गेल्या रविवारी पहिल्यांदा नावं वाचली. आता त्या पोरीचं नाव चर्चमध्ये घेतल्यावर मागं फिरलो तर लोक तिच्याबद्दल बोलतील. तुमच्या मुलीचं झालं ते तिचं करू का? सांगा तुम्हीच.

जीवराम नाही म्हणाला. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. सुमंत शाळेतून यायच्या आत जीवराम तिथून उठला, त्या मुलाच्या समोर उभं राहायची त्याची हिंमत नव्हती.

घरी येऊन त्यानं करुणाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तो म्हणाला, तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तुम्ही कुणाला काही सांगू नका म्हणाला होतात.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर जीवरामला सोपं गेलं असतं.

त्या बुधवारची प्रार्थना नेमकी बेबाबाईच्या घरी होती. पाळकांनी विषय विचारले आणि जीवराम उभा राहिला. बसून विषय सांगायची पद्धत, हा उभा राहिला. शुद्ध मराठीत चार वाक्यं पाठ करून आला होता, पण ती कुठं गेली कोण जाणे. तोंडातून शिंदखेड्याची बोली आली.

“मनं काम गयं. दिवाळीपासून नही. मी तुमले खोटं सांगं, शेठनं काम शे म्हनीसन. तठे हमाली करस मी, रावेरले. आनि मनी पोरले फिट-बीट काही येत नही. ती भुकी व्हती.”

बेबाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ती रडायला लागली, पण तिच्यावर रागावण्याचा जीवरामला कोणता हक्क होता? तिनं चुकीचं अनुमान काढलं, पण काढायला जागा त्यानंच ठेवली होती. त्यानं गळ्यातला दोरा काढला आणि पेटीची किल्ली पाळकांपुढे ठेवली. मग लोटनकडे वळून म्हणाला, तू आला होतास तेव्हा मी ही उघडायला हवी होती. लोटन कसनुसा झाला, म्हणाला, जाऊ द्या भाऊ, जुनी गोष्ट.

आणि पुढं जे झालं ते ऐकायला बरं वाटतं, पण जीवरामला त्याचाच जास्त त्रास झाला. पैशाची चिंता आठवड्याभरात मिटली. बायका रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर धान्य देवासाठी बाजूला काढत आणि ते रविवारी चर्चमध्ये आणत. ते धान्य त्या रविवारी पोत्यात भरून पिंप्राळ्याला आलं. थकलेलं भाडं पेटीतून गेलं. बेबाबाईचा नवरा, भिकन, पाइपच्या कारखान्यात होता, त्यानं साहेबाच्या मागं लागून जीवरामला गोदामावर नेमून घेतलं. पगार मिलपेक्षा थोडा कमी, पण दर महिन्याच्या सात तारखेला. कुणी उपदेश केला नाही, पाखरांचं तर नावही काढलं नाही. एवढं सोपं होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी तोंड उघडलं असतं तर तेव्हाही एवढंच सोपं होतं. देवानं सोय आधीच करून ठेवली होती, शेजारच्या सतरंजीवर बसवून ठेवली होती, आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून वर बघत होता.

मे महिना उजाडला. धुळ्याचं लग्न झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. त्या संध्याकाळी जीवराम कामावरून आला तेव्हा करुणा ओट्यावर सुपात तूरडाळ निवडत बसली होती. तो तिच्याजवळ बसला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या खिशात पगार होता, आणि खिसा भरला की त्याची जुनी सवय वर यायची. तो म्हणाला, पोरी, आता सगळं मार्गी लागलं. मंडळीतही सगळ्यांना खरं काय ते कळलंय. भुसावळचं एक स्थळ आहे, धुळ्यापेक्षा बरं. देवाच्या मनात काही चांगलंच असेल म्हणून तर ते तुटलं.

करुणाचा हात सुपात थांबला.

“मला तो आवडला होता, आबा,” ती म्हणाली.

एवढंच बोलून तिनं पुन्हा डाळ निवडायला सुरुवात केली. आयुष्यात प्रत्येकाच्या दुःखावर जीवरामपाशी दोन शब्द तयार असत. आत्ताही ते आले, अगदी दातांपर्यंत आले. त्याला त्यांची किळस वाटली. करुणानं नुसतं नाही म्हटलं असतं तर तिचं लग्न झालं असतं, हे तिला ईस्टरच्या दिवशीच माहीत होतं, आणि तो मुलगा आवडत असूनही तिनं ते म्हटलं नव्हतं, हे त्याला आज कळत होतं. त्यानं सूप थोडं आपल्याकडे ओढलं आणि तिच्याबरोबर खडे वेचू लागला. उजेड होता तोवर दोघं तिथंच बसून राहिले.